काचवाल्याचा नंबर

वाचनालयाच्या मागच्या जिन्यापाशी आल्यावर धाकटीने आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. ओळखीचं कोणी दिसलं नाही. तरी तिचं समाधान झालं नाही. समोर चपला शिवणारा बसला होता, तो मान वर करून आपल्याकडेच बघतोय असं तिला वाटलं. ती सरळ पुढे निघून गेली, इमारतीला एक वळसा घातला आणि परत आली. चपला शिवणारा अजून तसाच बघत होता. मग तिच्या लक्षात आलं की बिचारा सुईत दोरा ओवतोय, उजेडाकडे धरून. ती भराभर जिना चढली.

धाकटी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. घरात दोघीच बहिणी, थोरली ती ताई आणि ही धाकटी. चाळिशीला टेकली तरी धाकटीच राहिली. डेपोतही कोणाच्या तरी कानावर ते पडलं आणि पंचेचाळीस माणसांनी भरलेली बस घाटातून लीलया हाकणारी बाई सगळ्यांची धाकटी झाली. ताई शाळांचे गणवेश शिवायची, ही बस चालवायची. वडील, म्हणजे अण्णा, गेल्यावर दोघींनी लग्नाच्या भानगडीत न पडता दोन खोल्यांचा संसार उत्तम चालवला होता.

त्याला दृष्ट लागली ती गेल्या हिवाळ्यात. चढावर धाकटीच्या बसपुढे लोखंडी पाइपांनी भरलेला ट्रक चालला होता. पाइपांच्या टोकांना लाल फडकं बांधलेलं होतं. ते फडकं वाऱ्यावर फडफडत होतं, एवढं तिला लख्ख आठवत होतं. त्यानंतरचं आठवत होतं ते हे, की आपण रस्त्याकडेला बसलोय, खांद्यावर कोणाचा तरी जाडजूड कोट आहे आणि कोणीतरी सारखं म्हणतंय, "पाणी प्या, पाणी प्या." मधलं सगळं कोरं होतं.

मधलं काय झालं ते लोकांनी सांगितलं. ट्रकचा दोर तुटला, एक पाइप घसरून बसची पुढची काच फोडून आत आला. तिच्या डावीकडे कंडक्टर उभा होता. सगळा डेपो त्याला मामा म्हणायचा, धाकटीसकट. मामा जागच्या जागी गेला. धाकटीने बस कठड्याला घासत उभी केली, मागचं दार उघडलं, एकेकाला खाली उतरवलं, म्हाताऱ्यांना हात दिला. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. चौकशी झाली, त्यात लिहिलं, चालकाने प्रसंगावधान राखले.

धाकटीला हे पटेना. जे आपल्याला आठवतच नाही ते आपण केलं यावर विश्वास कसा ठेवायचा? तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली. आपण खोलीत आलो की डेपोचे साहेब आवाज का खाली करतात? मामाची बायको आपला हात इतका घट्ट धरून ठेवते, ती काय शोधते आपल्या चेहऱ्यात? आपल्यापासून काहीतरी लपवलं जातंय. कदाचित आपण ब्रेक उशिरा मारला. कदाचित आपलं लक्षच नव्हतं. सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे मिळून तोंड दाबून बसलेत.

झोप येईना म्हणून तिने दारूचा एक पेला घेतला. एकाने येईना म्हणून दुसरा. काही महिन्यांत अशी वेळ आली की संध्याकाळ कधी होते याकडे ती दुपारपासून डोळे लावून बसायची. डेपोने तिला तिकिटांच्या खिडकीवर बसवलं होतं, तिथे फक्त सुटे पैसे आणि लोकांची तोंडं. डॉक्टरांनी तिला सरळ सांगितलं, "एक तर सोडा, नाहीतर मापात आणा. पण जे कराल ते एकटीने करू नका." आणि या वाचनालयाचा पत्ता दिला. धाकटीला आधी डॉक्टरांचाच संशय आला. यांना काय पडलंय आपण कुठे जातो त्याचं?

वरच्या खोलीत सात-आठ खुर्च्या गोल मांडल्या होत्या. दार उघडलं ते एका उंच, ताठ बाईने. ती निवृत्त पोस्टमास्तर होती, सगळे तिला पोस्टातल्या बाई म्हणत.

"या, बसा," ती म्हणाली. "इथे नाव कोणी विचारत नाही. काम सांगायचं तर सांगा, नाहीतर तेही नको. काहींनी पूर्ण सोडली आहे, काही मापात घेतात. माप ज्याचं त्याने ठरवायचं. ठरवलं की सगळ्यांदेखत बोलायचं. मोडलं तर तेही सगळ्यांदेखत."

"आणि मग तुम्ही काय करता?" धाकटीने विचारलं.

"काही नाही. चहा करतो."

शेजारचा जाडा माणूस फसकन हसला. तो एका वसतिगृहात आचारी होता. "चहा मात्र फार वाईट असतो हो," तो म्हणाला. "त्याची भीती घालूनच लोक सुधारतात."

धाकटी हसली नाही. ती माणसं तपासत होती. पोस्टातल्या बाई, आचारी, एक गप्प बसलेलं जोडपं आणि खिडकीपाशी एक वाळका, पन्नाशीचा माणूस, ज्याच्या बोटांवर बारीक पांढरे व्रण होते. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "मी ऑफिसात असते. माझं माप आठवड्यातून तीनदा, एकेक पेला. दुसऱ्या दिवशी लवकर काम असेल तर अजिबात नाही."

वाळक्या माणसाने मान वर केली. "कसलं ऑफिस?"

"ऑफिस म्हणजे ऑफिस," धाकटी म्हणाली.

"मी काचा बसवतो," तो म्हणाला आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला.

त्या मंडळींत आणखी एक पद्धत होती. प्रत्येकाला एक जोडीदार. माप सुटतंय असं वाटलं की जोडीदाराला फोन करायचा, आणि एरवीही आठवड्यातून एकदा त्याने चौकशी करायची. पोस्टातल्या बाईंनी धाकटीची गाठ नेमकी काचवाल्याशी घालून दिली. धाकटीने त्याचा नंबर मोबाइलमध्ये 'गॅस दुरुस्ती' म्हणून साठवला. ताईच्या हाती फोन लागला तरी ताकास तूर लागायला नको.

पहिले काही आठवडे बरे गेले. खरं तर फारच बरे. पेला घेतल्यावर पूर्वी डोकं जड व्हायचं, आता होईना. आपल्याला जमतंय, असं तिला वाटायला लागलं. मग लगेच दुसरी शंका आली की दुकानदार भेसळ करतोय. ती बाटली घेऊन त्याच्याशी भांडून आली. "बाई, सीलबंद माल आहे," तो कळवळून सांगत होता, "मी काय त्यात विहीर ओततो का?" धाकटीने त्याचं दुकान सोडलं आणि दोन गल्ल्या पलीकडचं धरलं. तिथलीही तशीच निघाली.

काचवाल्याचा फोन दर आठवड्याला यायचा. "माप कसं आहे?" हा पहिला प्रश्न. तो ठीक होता. पण त्यामागून हळूच शेपूट यायचं. "आज ऑफिसात गर्दी होती का?" "तुमचे साहेब कडक आहेत का हो?" "कामावर कोणाला माहीत आहे, तुम्ही इथे येता ते?" प्रत्येक प्रश्नाला धाकटीच्या कपाळावर आठी चढायची. ती अर्ध्या शब्दात उत्तर देऊन फोन ठेवायची. ताई एकदा शिवणयंत्रावरून म्हणाली, "हा गॅसवाला भलताच प्रेमळ दिसतोय. आपला गॅस तर धडधडीत चालू आहे."

"सर्व्हिसिंगचं विचारत होता," धाकटी म्हणाली.

ताईने नुसता दोरा दाताने तोडला. 

मग एका सकाळी धाकटी तिकिटांच्या खिडकीत बसली असताना तिची नजर गाड्या धुण्याच्या जागेकडे गेली आणि तिथेच खिळली. काचवाला तिथे उभा होता. साहेबांबरोबर. साहेबांचा हात त्याच्या खांद्यावर होता आणि दोघं कशावर तरी हसत होते. हसता हसता काचवाल्याने खिडकीकडे पाहिलं. नजरानजर झाली मात्र, त्याने झटकन तोंड फिरवलं.

धाकटीने समोरच्या प्रवाशाला चुकीचं तिकीट दिलं, मग बरोबर दिलं, मग त्याचीच माफी मागितली. तिच्या डोक्यात चक्र फिरायला लागलं. तरीच कडक साहेबांची चौकशी! तरीच कामावर कोणाला माहीत आहे का!

आणि झालंही तसंच. दोन दिवसांनी साहेबांनी तिला आत बोलावलं.

"बाई, दार लावून घ्या," ते म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते, पण अवघड बोलायचं झालं की टेबलावरच्या वस्तू सरळ करत बसायचे. त्यांनी पेनं सरळ केली, कॅलेंडर सरळ केलं. "पुढच्या महिन्यापासून तुम्हाला पुन्हा गाडीवर घ्यायचं ठरलं होतं. पण एक फोन आला. नाव सांगितलं नाही. तुम्ही संध्याकाळी घेता म्हणे. तुमच्या हाती गाडी देऊ नका, असं सांगितलं."

धाकटी टेबलावर वाकली. "बाई होती की बुवा?"

"ते मी नाही सांगू शकत."

"मग बुवाच असणार."

"बाई, मी म्हटलं ना, सांगू शकत नाही. तुम्ही या नळीत फुंका फक्त."

तिने फुंकलं. काही निघालं नाही. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला, तिच्यापेक्षाही मोठा. "मला माहीतच होतं," ते म्हणाले. "पण फोन आलाय म्हणजे वर कळवावं लागणार. आणखी दोन महिने खिडकीवर काढा. मग पाहू."

ती बैठकीला गेली ती चपला शिवणाऱ्याकडे न बघता, जिना दाणदाण वाजवत. सगळे बसले होते. आचारी काहीतरी सांगत होता, ती त्याला मध्येच तोडत म्हणाली, "माझं बोलून झालं की चालू द्या तुमचं. इथे एक चहाडखोर बसलाय."

आचाऱ्याने हातातला कप खाली ठेवला.

"मी ऑफिसात नसते," धाकटी म्हणाली. "मी बस चालवते. हे यांना पहिल्यापासून माहीत होतं." तिने काचवाल्याकडे बोट केलं. "माझ्याशी गोड बोलून सगळं काढून घेतलं आणि नेऊन ओतलं साहेबांच्या कानात. माझी गाडी गेली. तुम्ही सगळे म्हणता ना, इथलं बाहेर जात नाही? गेलं की!"

काचवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मी कोणाला फोन केला नाही."

"फोनच केला हे कसं ठाऊक? मी कुठे फोन म्हटलं?"

तो गडबडला. मग त्याने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "बरं. ऐका मग. डेपोच्या गाड्यांच्या काचा मी बसवतो, बरीच वर्षं. तुमचं कधी माझ्याकडे लक्ष गेलं नसेल. तुम्हाला मी पहिल्या दिवशीच ओळखलं. आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, मी ऑफिसात असते. मला वाटलं, झालं! साहेबांनी पाठवलंय हिला. माझं कंत्राट संपत आलंय, काचवाला पितो का ते बघून ये म्हणून. त्याशिवाय ही खोटं का बोलेल? म्हणून मी तुम्हाला खोदून खोदून विचारत होतो. परवा साहेबच म्हणाले, आपल्या धाकटीबद्दल कोणाचा तरी फोन आला होता. मी हसलो, विषय बदलला. घरी गेलो आणि मला वाटलं, आता हे माझ्यावर येणार."

आचाऱ्याला राहवलं नाही. "म्हणजे तुम्ही दोघं इतके दिवस एकमेकांवर पाळत ठेवून होता? आणि माप विचारत होता?" तो पोट धरून हसायला लागला. पोस्टातल्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं तसा तो गप्प झाला.

"आणखी एक आहे," काचवाला हळू आवाजात म्हणाला. "तुमची ती गाडी. तिची फुटलेली काच मीच काढली."

धाकटी उभीच होती.  तिने खुर्चीवरून पिशवी ओढली आणि ती चालती झाली. जिना उतरताना तिला एवढंच वाटत होतं की हा माणूस पक्का बनेल आहे. एक खोटं लपवायला त्याने तिच्या वर्मावर बोट ठेवलं.

घरी ताई गणवेशांना इस्त्री करत होती. धाकटीने पिशवी पलंगावर आपटली.

"काय झालं?"

"काही नाही. डेपोत कोणीतरी फोन करून चुगली केली माझी. म्हणे मी पिते. आणि तो मेला कबूलच करत नाही."

ताईचा हात थांबला. इस्त्री शर्टावर तशीच राहिली. खोलीभर जळकट वास सुटला तेव्हा धाकटीने पुढे होऊन ती उचलली. शर्टाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटला होता. ताई त्याच्याकडे बघत म्हणाली, "मी केला."

"काय केलं?"

"फोन. मीच केला."

धाकटीला हसूच आलं आधी. मग ते जिथल्या तिथे विरलं. "तू?"

"हो, मी. तू पुन्हा गाडीवर जाणार होतीस. आणि कपाटात बाटली. आणि मला म्हणतेस गॅसवाला. अगं, मी काय दुधखुळी आहे?" ताईने इस्त्रीचं बटण बंद केलं. "अण्णा प्यायचे तेव्हा मी कोणाला सांगितलं नाही. त्यांच्या कारखान्यातला माणूस दारात यायचा, मी सांगायची, ताप आहे त्यांना. सगळी वर्षं त्यांना तापच होता. तू लहान होतीस, तुला वाटायचं खरंच ताप आहे. एकदा गप्प बसून पाहिलं मी. पुन्हा नाही बसणार."

"मला विचारलं असतंस तर?"

"तू खरं सांगितलं असतंस?"

धाकटी ओरडायलाच लागली. काय वाटेल ते बोलली. माझं चांगलं झालेलं तुला बघवत नाही, इथपर्यंत बोलली. ताई ऐकून घेत राहिली आणि त्या डागावर पाणी शिंपडत राहिली, जसा काही तो निघणार होता.

मग दोघींचं बोलणं बंद झालं. दोन खोल्यांत दोन माणसांनी न बोलता राहणं म्हणजे सोपं काम नव्हे. एकीने उठावं, दुसरीने बसावं, एकीने दिवा लावला तर दुसरीने तो मुद्दाम विझवावा. धाकटी बैठकीलाही गेली नाही. काचवाल्याचा फोन आला, तो तिने उचलला नाही. काय तोंडाने उचलायचा?

रविवारी ताई जादा कामासाठी गणवेशांच्या दुकानात गेली. भर दुपारी धाकटीने नवीनच आणलेली बाटली उघडली. पेला भरला. हा पेला डोक्यात चढला, चांगलाच चढला. तिने दुसरा भरला आणि अर्धा संपवला. तिचं माप तिथे मोडलं. मोडल्यावर आता कशाला थांबायचं, असं एक मन म्हणालं. आणि तेव्हाच ते लाल फडकं तिच्या डोळ्यांपुढे फडफडायला लागलं. नेहमीसारखं फडफडलं आणि नेहमीसारखंच तिथे सगळं तुटलं. त्या पलीकडे काय आहे हे जगात कोणाला तरी ठाऊक असणार. एकाने तर ती गाडी आतून पाहिली होती.

तिने फोन उचलला, 'गॅस दुरुस्ती' शोधलं आणि लावला.

"बोला," काचवाला म्हणाला. मागे काहीतरी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"फोन तुम्ही नव्हता केला. माझ्या ताईने केला."

"बरं."

"तुम्ही खरंच काढलीत का ती काच?"

"हो."

"मग सांगा मला सगळं."

"सांगतो. आधी बाटली कुठे आहे ते सांगा."

"टेबलावर."

"पेला कितवा?"

"दुसरा. अर्धा राहिलाय."

"मी येऊ तिकडे?"

धाकटी एकदम सावध झाली. याला माझं घर कसं माहीत? "नको," ती म्हणाली.

"मग तुम्ही या. माझं दुकान उघडं आहे, डेपोच्या मागच्या गल्लीत. पेला तसाच ठेवा. ओतूही नका, पिऊही नका. ओतायला गेलं की हातात येतो तो."

ती गेली. चालत गेली, वाऱ्याने डोकं थोडं हलकं झालं. पण दुकानाच्या दारात उभे लावलेले आरसे आणि काचा पाहिल्या आणि तिचा पाय पुढे पडेना. काचवाल्याने ते ओळखलं. तो हात पुसत बाहेर आला आणि समोरच्या बंद गोदामाच्या पायरीवर येऊन बसला. ती थोडं अंतर ठेवून बसली.

"मी ब्रेक उशिरा मारला का?" तिने विचारलं. आठ-नऊ महिने जो प्रश्न कोणालाच विचारला नव्हता, तो तिने असा एका वाक्यात विचारून टाकला.

काचवाल्याने बोटांवरच्या व्रणांकडे पाहिलं. "मला माहीत नाही," तो म्हणाला.

"नाही माहीत?"

"काच काढली मी. काच कुठून फुटली ते मला दिसतं. कोण काय करत होतं ते नाही दिसत. तुमच्या बाजूची काच चिरली होती, पण जागेवर होती. वायपर मध्येच अडकला होता. मामांचा चष्मा पायरीखाली सापडला, अख्खा. तो मी साहेबांकडे दिला, त्यांनी घरी पोचवला. काचेचे दाणे मी तीन दिवस वेचत होतो, तरी आसनाच्या शिवणीतून निघतच होते. यापेक्षा जास्त मला काही ठाऊक नाही. तुमची चूक नव्हती असं मी म्हणू शकलो असतो. पण मी तिथे नव्हतो."

धाकटी त्याच्याकडे बघत राहिली. इतक्या महिन्यांत प्रत्येक माणूस तिला छातीठोकपणे सांगत होता, तुझी काहीच चूक नाही, तू किती धीराची. प्रत्येक वेळी तिच्या मनात यायचं, तुला काय माहीत? हा पहिला माणूस म्हणत होता, मला माहीत नाही. तिने त्याच्या चेहऱ्यात लबाडी शोधून पाहिली. सापडली नाही. मग तिला रडू फुटलं, असं की समोरून जाणारी बाई थबकली आणि काचवाल्याकडे रागाने बघायला लागली.

"मी काही केलं नाही हो," तो घाईघाईने त्या बाईला म्हणाला.

धाकटीला रडता रडता हसू आलं.

"ते दाणे वेचून झाल्यावर माझं माप सुटलं," थोड्या वेळाने तो म्हणाला. "त्याआधी घ्यायचो, पण बेतात. म्हणून मी त्या बैठकीला आलो. पोस्टातल्या बाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी आपली जोडी लावली तेव्हा मला वाटलं, हाही कोणाचा तरी डाव आहे."

"मलाही," धाकटी म्हणाली.

ती घरी परतली तेव्हा ताई गल्लीच्या तोंडाशी उभी होती, पायात चपलाही नव्हत्या. दुकानातून लवकर परतलेली ताई, टेबलावर उघडी बाटली, अर्धा पेला आणि घर रिकामं. तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"कुठे होतीस?"

"गॅसवाल्याकडे," धाकटी म्हणाली. "तो काचवाला आहे." आणि तिथेच, रस्त्यात उभ्या उभ्या, तिने वाचनालयापासूनचं सगळं सांगितलं. माप, जोडीदार, कोरी राहिलेली जागा, आजचा दीड पेला.

ताई ऐकत होती. मग एकदम तिच्या चेहऱ्यावर अपराधी भाव आला. "आजची चढली असेल तुला."

"का गं?"

"एरवी अर्धं पाणी असायचं त्यात. मी घालायची. ही बाटली नवी, मला वेळच मिळाला नाही."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. "अगं बये! त्या दुकानदाराला मी शिव्या घालून आले!"

"मला काय माहीत तू भांडायला जाशील?"

घरात आल्यावर उरलेला अर्धा पेला ताईने मोरीत ओतला. बाटलीचं झाकण धाकटीने लावलं. "पुढच्या वेळी काही वाटलं तर मला विचार," ती म्हणाली. "डेपोला नको."

"आणि तू खरं सांगशील?"

धाकटीने विचार केला. "कदाचित नाही सांगणार. तरी विचार."

पुढच्या बैठकीत तिने मोडलेलं माप सगळ्यांदेखत सांगितलं आणि काचवाल्याची माफीही सगळ्यांदेखत मागितली, कारण आरोप तसाच केला होता. पोस्टातल्या बाईंनी चहा केला. तो खरोखरच वाईट होता.

दोन महिन्यांनी साहेबांनी तिला बोलावलं तेव्हा तिने आपणहून सांगितलं की मी मापात घेते, अशा ठिकाणी जाते, रोज सकाळी नळीत फुंकायची माझी तयारी आहे. साहेबांनी टेबलावरचं सगळं सरळ केलं, वर विचारलं, आणि आधी गाडी शिकवणारा मास्तर शेजारी बसवून रिकामी गाडी, मग शहरातला छोटा मार्ग, असं करत तिला पुन्हा गाडीवर घेतलं. ट्रक पुढे आला की ती अजूनही अंतर वाढवायची. मागचे गाडीवाले भोंगे वाजवून दमायचे. मधली जागा कोरीच राहिली. काही आठवडे माप टिकलं, एकदा टिकलं नाही, तेव्हा तिने फोन केला. एकदा काचवाल्याने तिला केला.

संशय मात्र इतक्या सहज जाणारा नव्हता. नवा कंडक्टर तरणाबांड होता आणि तिच्याशी जरा जास्तच अदबीने वागायचा. सकाळी तिच्या जवळ येऊन उगीच हवापाण्याचं बोलायचा, श्वास ओढून घ्यायचा. दोन-तीन दिवस धाकटीने आरशातून त्याच्यावर लक्ष ठेवलं. चौथ्या दिवशी तिने सरळ मान वळवून विचारलं, "साहेबांनी तुम्हाला माझ्यावर नजर ठेवायला सांगितलंय का हो?"

त्याचे कान लाल झाले. त्याने दाराकडे पाहिलं, तिकिटांच्या यंत्राकडे पाहिलं. "हो," तो म्हणाला.

"बरं झालं सांगितलंत," धाकटी म्हणाली. "मग नीट ठेवा. आणि काही शंका आली तर आधी मला विचारा."

तो मान हलवून मागे गेला. शेवटची एक बाई पिशव्या सावरत चढली, जागा शोधून बसली. घंटी वाजली. धाकटीने उजव्या आरशात पाहिलं, डाव्या आरशात पाहिलं आणि गाडी थांब्यावरून बाहेर काढली.